ओळंबा थांबेपर्यंत

३ जानेवारी

आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. म्हणजे खरं लिहिता येतं.

नोकरी लागली! बांधकाम व्यावसायिक संघटना, आमची शाखा. पद: कार्यक्रम समन्वयक. ऑफिस रंगाच्या दुकानाच्या माथ्यावर. गावातले सगळे बांधकामवाले इथे येतात आणि जिन्याला कठडा नाही. सुधारणेला भरपूर वाव.

शिपायांना सगळे मामा म्हणतात. त्यांना विचारलं, आधीचा समन्वयक का गेला? म्हणाले, गेला नाही ताई, नेला. स्ट्रेचरवर. गंमत करत असावेत.

आईने शेजारच्या काकूंना बातमी सांगितली, मग ऐकू आली नसेल म्हणून परत सांगितली. समाजशास्त्र घेऊन ही काय दिवे लावणार, असं विचारणाऱ्या समस्त मावश्यांना हे उत्तर आहे. घरातली पहिली पदवीधर, पहिल्याच मुलाखतीत नोकरी.

एकच गोष्ट लागली मनाला. माझ्या टेबलासमोर, दाराशेजारच्या खिळ्यावर, दादाचा फोटो.

४ जानेवारी

फोटोबद्दल. संघटनेच्या कार्यक्रमात बाहेरच्या कुणी हात उचलला की त्याचा फोटो त्या खिळ्यावर लागतो. फोटो आहे तोवर शाखेतला एकही ठेकेदार त्याला कामावर घेत नाही. सभासदांना हा नियम नाही. मामा म्हणाले, सभासदांना लावला तर भिंत पुरायची नाही.

दादा गवंडी. गेल्या वर्षीच्या मेळाव्यात उपाध्यक्ष त्याच्या भिंतीला वाकडी म्हणाले. दादाने त्यांच्या डोक्यात घमेलं घातलं. रिकामं नाही. तेव्हापासून दादा गोदामात पोती उचलतो. ज्याने भिंती बांधून मला कॉलेजात घातलं, त्याला वर्षभर कुणी एक वीट लावू दिलेली नाही. घरी जेवताना तो भिंतीकडे बघत बसतो. आमच्या स्वयंपाकघराची भिंत त्याने नुसत्या नजरेने कितीदा पाडून परत बांधली असेल.

संकल्प: एप्रिलच्या वार्षिक मेळाव्यात तो फोटो उतरवायचा. भांडून नव्हे, संवादाने.

दादाचा स्वभाव तापट. मी आईवर गेले आहे. शांत.

७ जानेवारी

कार्यकारिणीची बैठक. अध्यक्ष विटांवाले, उपाध्यक्ष सिमेंटच्या ब्लॉकवाले. शाखेत तट दोनच, वीट आणि ब्लॉक. वर हे दोघे एकमेकांचे साडू. मामांच्या मते आयुष्यात त्यांचं एवढं एकच जुळलं, सासरा.

मी दादाचा विषय मांडला. मेळाव्यापर्यंत प्रत्येक कार्यक्रमात दादा स्वयंसेवक म्हणून येईल. एकदाही हात उचलला नाही तर फोटो उतरवायचा. जबाबदारी माझी.

अध्यक्ष म्हणाले, पोरी, तुझा भाऊ म्हणजे सुटलेला क्रेनचा हूक. उपाध्यक्ष म्हणाले, हुकाला निदान अक्कल नसते. अध्यक्ष म्हणाले, अकलेबद्दल तू नको बोलूस. उपाध्यक्षांनी पेपरवेट फेकला. अध्यक्ष खाली वाकले. मागे खजिनदार झोपले होते, त्यांना लागला. ते दचकून उठले आणि सवयीने 'मंजूर' म्हणाले.

ठराव पास. पहिल्याच बैठकीत!

नंतर मामा म्हणाले, तुमच्या भावाचं जरा कठीण वाटतं. मी फाइल टेबलावर ठेवली. ठामपणे. टेबलाची काच आधीच तडकलेली असावी.

१२ जानेवारी

दादासाठी उपाय सापडला: ओळंबा. दोरीला टांगलेलं लिंबाएवढं पितळी वजन, भिंत उभ्याने सरळ आहे का बघायचं. राग आला की दोरी धरायची, वजन लोंबतं सोडायचं. ते हलायचं थांबेपर्यंत बोलायचं नाही, जागचं हलायचं नाही. हात थरथरत असेल तर ते थांबतच नाही. म्हणजे मन शांत झाल्याशिवाय सुटकाच नाही. कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. माझं स्वतःचं.

दादा म्हणाला, ए पदवीधर, ओळंबा भिंतीला लावतात. मी म्हटलं, तूच आमच्या घराची भिंत आहेस. आईने पदर डोळ्यांना लावला. वहिनी म्हणाली, वन्सं, ही भिंत रोज ओला टॉवेल पलंगावर टाकते, त्याचंही काही सांगा तिला.

सराव घेतला. मी मुद्दाम म्हटलं, तुझी भिंत वाकडीच होती. दादाने वाटी भिरकावली. पुन्हा सराव. पुन्हा वाटी. मग ताटली. शेवटी एकदाचा ओळंबा थांबला. दादा घामाने भिजला होता.

वहिनी हसत होती म्हणून मी कपाटाचं दार लावलं. बिजागरी जुनी होती.

२४ जानेवारी

स्नेहभोजन. माझा पहिला कार्यक्रम.

कल्पना: एक वीटवाला, शेजारी एक ब्लॉकवाला, अशी आलटूनपालटून बसायची सोय. प्रत्येक खुर्चीवर नावाची चिठ्ठी. शेजारी बसून जेवलेली माणसं भांडत नाहीत, असं संशोधन आहे.

संशोधनात सूप नव्हतं.

कोणी कोणाच्या मांडीवर सांडलं यावर दोन मतं आहेत. मग वाट्या, मग डाव, मग खुर्च्या. एका सेंट्रिंगवाल्याचं मनगट मोडलं. ज्याने मोडलं त्यानेच दवाखान्यात नेलं आणि वाटेत दुसरं मुरगाळलं. दोघा साडूंच्या बायका, म्हणजे सख्ख्या बहिणी, भिंतीला पाठ लावून आइस्क्रीम खात होत्या. मोठी धाकटीला सांगत होती, तुझ्या नवऱ्याचा डावा हात अजून छान चालतो गं. धाकटी म्हणाली, पण भावजींनी टेबल उचललं की नाही या वयात!

दादा पाणी वाढत होता. कुणीतरी त्याच्या पाठीत ताट घातलं. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा तो कोपऱ्यात ओळंबा धरून उभा. हात उचलला नाही!

एकूण कार्यक्रम यशस्वी. पुढच्या वेळी सूप नको.

११ फेब्रुवारी

सुरक्षा सप्ताह. हेल्मेटवाटप. यात भांडायला काही जागाच नाही, म्हणून मुद्दाम निवडला.

भाषणात मी म्हटलं, हेल्मेट आपलं डोकं सांभाळतं, आणि डोकं शांत असेल तर सगळं सांभाळतं. टाळ्या. मग हेल्मेट किती मजबूत ते दाखवायला अध्यक्षांनी एक उपाध्यक्षांना घातलं आणि वर लाकडी दांडक्याने टकटक केलं. उपाध्यक्ष म्हणाले, काही कळलंच नाही, मार जोरात. अध्यक्षांनी मारलं. उपाध्यक्ष म्हणाले, आता तू घाल. मग यांनी मारलं. म्हणाले, लागलं का? ते म्हणाले, छे, माशी बसली. प्रात्यक्षिक बराच वेळ चाललं. पुढे पुढे दांडकं खांद्यावर पडत होतं, पण नेम चुकत असावा.

दोन्ही हेल्मेट फुटली. उपाध्यक्षांना संध्याकाळपर्यंत एकाचे दोन दिसत होते. दोन साडू म्हणजे फारच झालं, असं म्हणून ते बसले.

मी जमेची बाजू बघते. दोघे एकमेकांशी बोलले. 'जोरात' आणि 'लागलं का' हा संवादच आहे.

दादा आज नुसताच उभा. ओळंबा खिशातून काढावासुद्धा लागला नाही.

परत आल्यावर मामा फोटोवरची धूळ पुसत होते. मी म्हटलं, कशाला पुसताय, उतरणारच आहे. म्हणाले, उतरेपर्यंत तरी माणूस स्वच्छ दिसू दे. मला ते बोलणं आवडलं नाही. स्टेपलर माझ्या हातातून निसटला. मामा वेळेत वाकले. चपळ आहेत या वयातही.

२७ फेब्रुवारी

रक्तदान शिबिर. दुसऱ्यासाठी रक्त देणारा माणूस हिंसा करूच शकत नाही. हा माझा सिद्धांत.

पहिल्या खाटेवर कोण झोपणार यावरून सुरुवात. अध्यक्ष म्हणाले, पद माझं मोठं. उपाध्यक्ष म्हणाले, रक्त माझं जास्त, अंगात पाणी नाही माझ्या. ठोसा. नाक. मग दोन्ही बाजूंची माणसं. सलाइनचा उभा स्टँड हातात घेऊन एक लोखंडवाला गोल फिरत होता, त्याच्या जवळ कुणी जाईना. डॉक्टरबाई टेबलाखाली. तिथून म्हणाल्या, ताई, तुमचे लोक बाटलीत का देत नाहीत?

बाटल्या भरल्या तीन. त्यातली एक दादाची. त्याची सुई तशीच हातात, बाहेर हे सगळं चाललेलं, आणि तो दुसऱ्या हातात ओळंबा धरून खाटेवर पडलेला. डॉक्टरबाई म्हणाल्या, याचं बीपी सगळ्यांत चांगलं आहे.

माझंही मोजलं. मशीन बिघडलेलं होतं. तीनदा मोजून तेच. म्हणजे बिघडलेलंच.

१५ मार्च

रस्सीखेच. एकच दोरी, दोन्ही हातांनी धरायची. म्हणजे मारायला हात मोकळेच राहत नाहीत! हे सुचलं तेव्हा मला स्वतःचं कौतुक वाटलं.

वीट एका बाजूला, ब्लॉक दुसऱ्या. वीटवाल्यांनी जिवाच्या आकांताने ओढलं, समोरचे जागचे हलेनात. मग कुणाला तरी दिसलं की ब्लॉकवाल्यांनी दोरीचं मागचं टोक टेम्पोच्या बंपरला बांधलंय. बंपर निघाला. तो घेऊन सगळे एकमेकांवर. मातीत दात सापडला, अजून कुणी आपला म्हणत नाही.

हे झालं ते झालं. पण उपाध्यक्ष गर्दीतून सरळ दादाकडे आले. त्याच्या समोर उभे राहिले आणि म्हणाले, काय रे वाकड्या. मग एक थोबाडीत दिली. सगळ्यांदेखत. मग दुसरी.

दादाने ओळंबा काढला. तो हलत होता. खूप हलत होता. दादाने ओठ दातांत धरला, ओठातून रक्त आलं, ओळंबा हळूहळू थांबला. उपाध्यक्ष त्याच्याकडे बघत राहिले, मग निघून गेले.

मी शिट्टी वाजवत होते. शिट्टी उपाध्यक्षांच्या मानेला लागली असं काहीजण म्हणतात. वाजवताना तोंडातून सुटली असेल. गळ्यातली दोरी तुटलेली होती हे खरं.

घरी दादाच्या तळहातावर ओळंब्याच्या दोरीचा लाल वळ. वहिनीने हळद लावली. आई म्हणाली, पुरे कर गं बाई आता, त्याला पोतीच उचलू दे. मी म्हटलं, आता एकच कार्यक्रम उरलाय. आई म्हणाली, तेच तर.

२१ मार्च

मला दिसलं! सगळी चूक स्पर्धेची होती. स्पर्धा म्हणजे हिंसेची आई. (वाक्य चांगलं आहे. भाषणात घेणे.)

दरवर्षी मेळाव्यात विटा रचायची स्पर्धा असते. दोन गट दोन भिंती बांधतात, बघून झालं की त्याच दिवशी, सिमेंट-वाळूचा माल ओला असतानाच, दोन्ही पाडतात. विटा परत मिळतात. किती क्रूर! बांधलेलं लगेच पाडायचं.

यंदा एकच भिंत. सलोख्याची. एका टोकाकडून अध्यक्षांचा गट, दुसऱ्या टोकाकडून उपाध्यक्षांचा. मध्ये भेटायचं. आणि शेवटची जी मधली जागा राहील ती भरणार दादा. दादाने शेवटची वीट ठेवली की अध्यक्ष फोटो परत देणार. भिंत पाडायची नाही. कायम ठेवायची.

रडूच आलं मला सुचल्यावर.

२५ मार्च

दोघांनी होकार दिला. वेगवेगळं भेटले, एकत्र भेटवणं सध्या टाळते.

अध्यक्षांनी विचारलं, साहित्य आपलंच ना? मी म्हटलं, अर्थात, आपलंच. उपाध्यक्षांनी विचारलं, साहित्य आपलंच ना? मी म्हटलं, अर्थात, आपलंच. आपलेपणा हाच तर मुद्दा आहे.

दादाला सांगितलं. वर्षभरात पहिल्यांदा त्याने थापी शोधून काढली. गंजली होती. अंगणात बसून घासत होता. वहिनी जाता-येता त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होती, जसा काही तो शाळेत चाललाय. मग त्याने विचारलं, एक बाजू विटा आणणार, एक बाजू ब्लॉक आणणार, थर जुळायचे कसे? मी म्हटलं, माणसं जुळली की थर जुळतात. तो म्हणाला, ए बाई, थर माणसांना विचारत नाहीत.

नकारात्मक विचार. त्याला ओळंबा धरायला लावला. तो म्हणाला, मी रागावलोच नाहीये. मी म्हटलं, धर! जरा मोठ्याने म्हटलं, तो ऐकत नव्हता म्हणून. शेजारच्या काकू बाहेर आल्या.

१० एप्रिल

तयारी जोरात. 'सलोखा' अशी संगमरवरी पाटी करून घेतली, भिंतीच्या मधोमध बसवायला. भाषण पाठ. आरशासमोर म्हटलं, फार परिणामकारक होतंय. शेवटी थोडं थांबायचं, भिंतीकडे बघायचं, मग म्हणायचं: आज आपण भिंत बांधली, आणि भिंत पडली. यावर लोक उभे राहून टाळ्या वाजवतील. वहिनीला म्हणून दाखवलं. तिने विचारलं, म्हणजे नक्की पडली की बांधली? तिला समजावून सांगताना तिचा कप फुटला.

१८ एप्रिल, सकाळी

आज मेळावा. दादाने दाढी केली. पांढरा शर्ट घातला. आई म्हणाली, अरे, वीट लावायला पांढरा? तो म्हणाला, एकच लावायची आहे. 

फोटो खिळ्यावरून उतरवून पिशवीत घेतलाय, अध्यक्षांच्या हाती द्यायला. खिळा रिकामा बघून इतकं बरं वाटलं.

मी अतिशय शांत आहे.

१९ एप्रिल

लिहायचं ठरवलंय तर लिहिते. घडलं तसं.

मैदानावर दोन ट्रक आले. एकातून विटा उतरल्या, दुसऱ्यातून ब्लॉक. मी म्हटलं, विविधता. दोन्ही गट कामाला लागले आणि खरं सांगते, सुरुवात सुंदर होती. नुसता थापीचा आवाज. बहिणी सावलीत बसल्या होत्या. धाकटी म्हणाली, यंदा काही होत नाही वाटतं. मोठी म्हणाली, बघू.

दोन्ही बाजू छातीपर्यंत आल्या आणि मध्ये पोचल्या. विटेचा थर एका उंचीला, ब्लॉकचा दुसऱ्याच. मध्ये फट राहिली ती धड विटेची नाही, धड ब्लॉकची नाही, वर तिरकी. दादा तिच्यापुढे वीट हातात घेऊन उभा. पांढरा शर्ट. वीट जाईना.

अध्यक्ष म्हणाले, ब्लॉक कापा. उपाध्यक्ष म्हणाले, वीट तोडा. हे म्हणाले, माझी वीट भट्टीत भाजून आलीय, ती तुटणार नाही. ते म्हणाले, माझा ब्लॉक मशीनमधून आलाय, तो वाकणार नाही. हे म्हणाले, तुझ्या ब्लॉकसारखंच तुझं तोंड, सगळं पोकळ. मी मध्ये गेले आणि म्हटलं, आपण दोघांनी अर्धं-अर्धं सोडूया. त्यांनी हातातलं अर्धं-अर्धं सोडलं. एकमेकांवर.

मग काय सांगू. विटांचा ढीग आणि ब्लॉकचा ढीग आयताच समोर होता. तो मीच मागवला होता. फावडी, घमेली, थाप्या. वाळूवाला वाळूत तोंड खुपसून पडला होता आणि त्याच्या पाठीवर दोघं. एकाच्या कपाळातून धार लागली होती आणि तो ती पुसून पुसून मारत होता. मंडप आडवा. माईकवर कुणीतरी कुणाच्या तरी वडिलांबद्दल बोलत होतं. उपाध्यक्षांच्या भुवईवर खोक, अध्यक्षांचा शर्ट फाटलेला, कान रक्ताने भरलेला. दोघे सांडलेल्या मालाच्या चिखलात एकमेकांची गचांडी धरून त्या फटीपर्यंत आले.

दादा तिथेच. डाव्या हातात वीट, उजव्या हातात ओळंबा. आजूबाजूला ब्लॉक उडत होते. ओळंबा स्थिर. अगदी स्थिर. मी पाहिलं.

आणि मग दोघा साडूंनी एकदमच त्या फटीकडे बघितलं. तिच्याखाली माझी 'सलोखा' पाटी, तीही तिरकी बसलेली. अध्यक्ष हसायला लागले. उपाध्यक्ष म्हणाले, ही भिंत बांधली कुणी? अध्यक्ष म्हणाले, पदवीने. मग दोघे हसून हसून खाली बसले. चिखलात. खांद्यावर डोकं ठेवून. सगळे थांबले. अध्यक्ष म्हणाले, साडू, आपण इतकी वर्षं भांडलो, पण इतकी वाईट भिंत दोघांनी मिळून कधी बांधली नव्हती. उपाध्यक्षांनी त्यांना मिठी मारली. मोठीने खाली घातलेली मान वर केली नाही, धाकटीला नुसतं म्हणाली, झालं बाई. दोघी रडत होत्या.

सलोखा! झाला! ठरवल्याप्रमाणे नाही, पण झाला. दादाने हात उचलला नाही. सगळं, सगळं मिळालं होतं त्या क्षणी. मी भाषण काढलं.

अध्यक्ष उठले, तोंड पुसलं आणि म्हणाले, पोरी, भाषण राहू दे. माल ओला आहे, पाडा ही भिंत, विटा तरी वाचतील. आणि त्यांनी भिंतीला लाथ मारली. पाटी खाली पडली आणि तिचे दोन तुकडे झाले.

पुढचं मला नीट आठवत नाही. ओळंबा दादाच्या हातात होता. मग माझ्या हातात होता. मग दोरीच्या टोकाला गोल फिरत होता. मग अध्यक्षांच्या पुढच्या दातांपाशी होता. एकदाच नाही, असं म्हणतात. उपाध्यक्ष सोडवायला आले. त्यांची दुसरी भुवई.

मला धरलं दादाने. मागून, दोन्ही हात आवळून. कानाशी सांगत होता, ए, बास. बास गं. संपलं. मी त्याच्या हाताला चावले. त्याने सोडलं नाही.

पांढऱ्या शर्टावर माझ्या दातांचा डाग आहे. वहिनीने भिजत घातलाय.

२२ एप्रिल

कार्यकारिणीची बैठक झाली. मला बोलावलं नव्हतं. मामांनी फोनवर सांगितलं.

दादावरची बंदी उठली. एवढ्या गदारोळात एकट्याने डोकं शांत ठेवलं, वर हल्लेखोराला आवरलं. हल्लेखोर म्हणजे मी. उपाध्यक्ष स्वतः म्हणाले की असा माणूस साइटवर हवा, आणि त्यांच्याकडे कुंपणाच्या भिंतीचं काम लगेच दिलंय. विटांचं. अध्यक्ष काही बोलले नाहीत, दात बसवायला दिलेत.

मी सभासद नाही, त्यामुळे नियम मला लागू. ठराव एकमताने. मामा म्हणाले, शाखेच्या इतिहासात वीट आणि ब्लॉक एकत्र मत द्यायची ही पहिलीच वेळ, ताई. तुम्ही करून दाखवलंत.

ते कुत्सितपणे म्हणाले नसावेत. 

परिस्थितीचा विचार केला. माझी पद्धत योग्यच होती. त्या दिवशी ऊन होतं. सकाळी नाश्ता केला नव्हता. मला कोणी भाषण करू दिलं असतं तर काहीच झालं नसतं.

२४ एप्रिल

मामांचा परत फोन. ताई, तुमचा एखादा बरा फोटो आहे का? अर्जावरच्या फोटोत तुमचे डोळे मिटलेत. मी म्हटलं, नाही. फोन ठेवला. ठामपणे. फोन आता चालू होत नाही.

पण मामा आईकडे आले होते म्हणे, मी आंघोळीला गेले असताना. आई म्हणाली, मी आधी नको म्हणत होते गं, पण म्हटलं, लावणारच आहेत तर चांगला तरी दिसू दे. पदवीदानाचा दिला. टोपी आणि गाऊनमधला. फ्रेमसकट. दादाची फ्रेम होती तेवढीच आहे, त्याच खिळ्यावर बरोबर बसली, असं मामांनी आईच्या फोनवर कळवलंय.

२७ एप्रिल, सकाळी

दादा कामावर निघाला. शर्ट जुना, थापी घासलेली. वहिनीने डबा दिला. दारात मला विचारलं, येतेस का बघायला? मी म्हटलं, मला बंदी आहे. तो म्हणाला, रस्त्यावरून बघायला बंदी नाही. वहिनी म्हणाली, रस्त्यावरच्या लोकांचा काय दोष?

मी तिच्याकडे बघितलं. फक्त बघितलं. दादाने माझ्या हातातला तांब्या काढून घेतला.

मग त्याने खिशातून ओळंबा काढला. मी म्हटलं, तुला लागेल, भिंत आहे तुझ्याकडे. तो म्हणाला, साइटवर दुसरा मिळेल. दोरी माझ्या बोटांत दिली. दोरी नवी बांधलीय. पितळेवर एका बाजूला खरचटल्याची खूण आहे, ती दाताची. म्हणाला, थांबला की बोल, तोवर एक शब्द नाही.

तो गेला. आई तिच्या कामाला लागली, वहिनी तिच्या.

मी उंबऱ्यात उभी आहे. एका हाताने लिहितेय, दुसऱ्या हातात दोरी. घरात वारा नाही. हात अगदी शांत आहे.

ओळंबा अजून हलतोय.